पांढरी दोन

आमच्या घरात माझ्या रेकॉर्डींना ‘त्या’ म्हणतात. “आज पुन्हा ‘त्या’ लावल्यात वाटतं!” किंवा “पाहुणे यायचेत, ‘त्या’ आत नेऊन ठेवा.” नव्या माणसाचा गैरसमज व्हावा, असाच हा सूर असतो. एका पाहुण्यांचा झालाही होता, पण ते प्रकरण पुढे चहावर मिटलं.

‘त्यां’च्यात जाझ आहे, सोल आहे आणि ज्याला अँबिएंट म्हणतात तेही आहे. पैकी सोलला घरात थोडीफार मान्यता आहे आणि तिचं श्रेय अरीथा फ्रँकलिनबाईंचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्यांचं ‘रिस्पेक्ट’ लावलं तेव्हा ही मेथी निवडत होती.

“ती बाई एवढी ओरडतेय कशाला?”

“नवऱ्याने जरा मान द्यावा, एवढंच तिचं म्हणणं आहे.”

मेथी थांबली. “परत लावा बघू.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नको तिथे ज्ञान पाजळायची मला खोड. सांगून बसलो की, मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, १९६५ सालचं. त्यात घरी आल्यावर मान मागतो तो पुरुष. १९६७ साली बाईंनी ते उचललं, उलटं केलं आणि वर ‘रिस्पेक्ट’चं स्पेलिंग पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.

“मग त्याचं गाणं त्याला परत दिलं का?”

“छे! आता लोक ते तिचंच समजतात.”

“बरं केलं,” असं म्हणून हिने दुसरी जुडी सोडली. तेव्हापासून मी शर्टाचं बटण लावून मागितलं की आतून ते स्पेलिंग ऐकू येतं.

खरी लढाई होती ती नानांशी. नाना म्हणजे आमचे वडील. दिवसा पोस्टात कारकून आणि गुरुवारी रात्री भजनात पेटीला. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एका कोपऱ्यात त्यांची पेटी, दुसऱ्यात माझा रेकॉर्डप्लेअर आणि मधे आई. नाना सी. रामचंद्रांवर खूश असत. १९५१च्या ‘अलबेला’साठी त्यांनी चिक चॉकलेट नावाच्या गोव्याच्या जाझ ट्रंपेटवाल्याला घेतलं होतं, हे मी त्यांना मोठ्या विजयाने सांगितलं. नाना म्हणाले, “म्हणजे योग्य माणसाच्या हाती पडला की सुधारतो.”

१९७६ साली मी चोरबाजारातून माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आणली. पहिल्या बाजूवरचं ‘सो व्हॉट’ सुरू झालं. नाना वर्तमानपत्राच्या मागे होते. दोनेक मिनिटांनी वर्तमानपत्र खाली आलं आणि पेटीचं झाकण उघडलं. मला वाटलं, हृदयपरिवर्तन! नानांनी पांढरी दोन दाबली आणि तोंड वाकडं केलं. मग काळी दोन दाबली. तोंड आणखी वाकडं.

“याचा षड्ज कुठाय?”

“नाना, हे जाझ आहे.”

“असू दे की! मधेच अर्धा सूर वर जातो नि परत येतो, ते तो समजून करतोय. झकास करतोय. पण मुळात उभाच राहिलाय फटीत. दोन पट्ट्यांच्या फटीत!”

रेकॉर्ड उलटली. ‘ऑल ब्लूज’ला नानांनी पांढरी पाच धरली आणि मान डोलावली. “हं, इथे पट्टीवर आला. पहिल्या बाजूला चढलाय.”

मी त्यांची समजूत घातली की, पेटी जुनी, आपले कान भजनी आणि अमेरिकेत सूर जरा ताणूनच लावतात. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जाझवाल्या मित्रांच्या बैठकीत हा किस्सा मी नकलेसकट सांगू लागलो. ‘फटीतला षड्ज’ हा आमचा कायमचा विनोद होऊन बसला. एकदा नाना चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा मी नेमका फटीपर्यंत पोचलो होतो. ट्रे ठेवून ते निघून गेले. त्यानंतर ‘ती’ रेकॉर्ड लागली की नाना देवळात जाऊन बसत.

अँबिएंटची बाधा मला नंतर झाली. हे ब्रायन ईनो नावाच्या इंग्रज गृहस्थाचं काम. १९७५ साली अपघात होऊन तो अंथरुणाला खिळला होता. एक मैत्रीण हार्पची रेकॉर्ड देऊन गेली. महत्प्रयासाने लावली, तर आवाज अगदी बारीक, एक बाजू मुकी आणि परत उठायचं त्राण नाही. बाहेर पाऊस. पावसातून अधूनमधून डोकावणारे सूर ऐकत तो पडून राहिला आणि संगीत असंही असू शकतं, हे त्याला उमगलं. (आपल्याकडे माणूस शेजारच्या पोराला हाक मारून आवाज वाढवून घेतो. म्हणून अँबिएंट गिरगावात जन्मलं नाही.) १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये त्याने वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकत्र फिरत ठेवली. सूर येतात, जातात, पुन्हा भेटतात, पण त्याच जागी नाही. पहिलीच रचना सोळा-सतरा मिनिटांची. बाराव्या मिनिटाला ही विचारते, “लावताय ना?”

१९८८च्या पावसाळ्यात नानांनी अंथरूण धरलं. पेटी खाटेखाली गेली. रात्र रात्र त्यांना झोप नसे. एका रात्री मी भीत भीत, अगदी बारीक आवाजात, ईनोची कॅसेट लावली. नाना डोळे मिटून पडले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तंबोरा छान लागलाय.”

मग थोड्या वेळाने, “गवई कधी येणार?”

“येईल, नाना.”

तीन आठवडे रोज रात्री तंबोरा लागत होता आणि नाना गवयाची वाट पाहत होते. “सुरात आहे रे तुझा हा,” एकदा म्हणाले. “त्या फटीतल्यासारखा नाही.” श्रावण संपायच्या आत ते गेले.

त्यानंतर दहाएक वर्षांनी ‘काइंड ऑफ ब्लू’ची सीडी घेतली तेव्हा हकीगत कळली. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं नेहमीच्या गतीने वाजवलं की सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या. दुसरी बाजू २२ एप्रिलची. तेव्हा यंत्र ठीक होतं. तेहतीस वर्षं रेकॉर्डी तशाच चढ्या सुरात विकल्या गेल्या. सुदैवाने त्या दिवशी दुसरं यंत्र बरोबर गतीने चालू होतं. त्यावरच्या टेपवरून १९९२ साली चूक दुरुस्त झाली.

मी खाटेखालून पेटी काढली. भाता एका ठिकाणी उंदराने खाल्ला होता, तिथे तळहात दाबून धरला. सीडी लावली आणि पांढरी दोन दाबली. सूर असा मिळाला की पेटी वाजतेय की नाही तेच कळेना. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“पेटीचा आवाज कुठून आला?”

“काही नाही. पट्टी बघतोय.”

ती उभी राहिली. “नाना म्हणायचे ती?” तिने एवढंच विचारलं आणि खिडकी लावून घेतली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. एरवी ‘त्यां’चा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती लावली जाते.

संध्याकाळी जुन्या जाझवाल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “मला केव्हाच ठाऊक आहे. एका मासिकात आलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“अरे, तुझा तो फटीचा किस्सा फार छान जमायचा. कशाला मोडायचा?”

चोरबाजारातली रेकॉर्ड अजून आहे. अधूनमधून लावतो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत कान त्या चढ्या सुरालाच सरावलेत आणि सीडी मला जरा उतरलेली वाटते. पण रेकॉर्ड लावली की मी पेटीचं झाकण बंद आहे ना, ते आधी पाहून घेतो.