वॉटरहाउसचा कारागीर

जमैकातील किंग्स्टनच्या बंदरभागातून उत्तरेकडे जाणारा ऑरेंज स्ट्रीट एके काळी तबकड्यांच्या दुकानांनी इतका गजबजलेला असे, की लोकांनी त्यास ‘बीट स्ट्रीट’ हेच नाव बहाल केले होते. त्यांतील बहुतेक दुकाने आता बंद झाली असली, तरी ऑगस्टस पाब्लो या संगीतकाराने स्थापिलेले ‘रॉकर्स इंटरनॅशनल’ तेवढे टिकून आहे. आणि शहरातील वॉटरहाउस वस्तीत जाण्यापूर्वी तेथे थांबणे मला अगत्याचे वाटले. दुकानदाराने माझ्या विनंतीवरून सात इंची तबकडी लावली. एका बाजूस गायक जेकब मिलरचे प्रेमगीत होते. दुसऱ्या बाजूसही तेच गीत, परंतु गायकाचा एखाददुसरा शब्द उमटावा आणि प्रतिध्वनीत विरून जावा, गिटारीने क्षणभर डोकावून नाहीसे व्हावे, आणि मागे केवळ ड्रम व बेस यांचाच संवाद उरावा, असे त्याचे रूप झालेले. ही दुसरी बाजू घडविणाऱ्या किंग टबीचा मुलूख पाहण्यासाठी मी निघालो होतो.

भाड्याची मोटार वाटेत उतारू घेत, स्पॅनिश टाउन रोडवरील गोदामे मागे टाकीत वॉटरहाउसच्या हद्दीत शिरली. गंजलेल्या पत्र्यांची कुंपणे, बसकी घरे, आणि कोठून तरी भर दुपारी येणारा बेसचा खर्ज. ड्रोमिली अव्हेन्यूवरील १८ क्रमांकाच्या घरातील एका लहानशा खोलीत ऑसबोर्न रडक ऊर्फ टबी याने आपला स्टुडिओ थाटला होता. १९४१ साली जन्मलेला हा मनुष्य ना गायक होता, ना वादक. त्याचा मूळ व्यवसाय रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्याचा. भररस्त्यात प्रचंड ध्वनिक्षेपक मांडून नाच भरविणारे ‘साउंड सिस्टिम’वाले आपली नादुरुस्त यंत्रे त्याच्याकडे आणीत, आणि ‘होमटाउन हाय-फाय’ या त्याच्या स्वतःच्या सिस्टिमवर यू-रॉय हा वाक्पटू कलावंत तालावर शब्दांची आतषबाजी करी.

निर्माता ड्यूक रीड याच्यासाठी तबकड्या कोरीत असता गायकाचा आवाज वगळला, की उरलेल्या वाद्यमेळात केवढे अवकाश मोकळे होते, हे त्याने हेरले. पुढे त्याने बायरन लीच्या डायनॅमिक स्टुडिओतून चार मार्गांचे (ट्रॅकचे) जुने मिक्सिंग यंत्र खरेदी केले. वाद्यवृंद मावण्याइतकी जागा त्याच्या खोलीत नव्हतीच. अन्यत्र मुद्रित झालेल्या फिती निर्माते त्याच्याकडे घेऊन येत, आणि तो एकेक मार्ग बंद करी, उघडी, प्रतिध्वनीत लोटी, यंत्रावरील एका मोठ्या खटक्याने खर्ज क्रमाक्रमाने छाटून टाकी, आणि प्रतिध्वनीच्या पेटीतील स्प्रिंगला धक्का देऊन मेघगर्जना निर्माण करी. हे सर्व फीत चालू असताना, त्या क्षणीच्या बुद्धीने होई. म्हणून मी या कामास केवळ तांत्रिक कसब न मानता वादनच मानतो, आणि टबीचे नाव संगीतकारांच्या दप्तरात विनासंकोच लिहितो. संगीतात काय घालावे हे पुष्कळांना कळते; काय काढावे याचे इतके अचूक ज्ञान मला अन्यत्र क्वचितच आढळले. त्याचे ते मिक्सिंग यंत्र आता अमेरिकेत, सिॲटलच्या संग्रहालयात आहे.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी दुहेनी पार्कमधील स्वतःच्या घराबाहेर गोळी घालून टबीचा खून करण्यात आला. मारेकऱ्यांचा तपास अखेरपर्यंत लागला नाही. अशा माणसाचा असा अंत व्हावा, हे आजही मनास पटत नाही. तथापि त्याची विद्या समुद्रापार गेली: लंडनच्या मॅड प्रोफेसर या निर्मात्याने १९९५ साली ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या संगीतसमूहाचा एक संपूर्ण संग्रह याच रीतीने नव्याने घडविला, आणि एकाच गीताची निरनिराळी रूपे काढण्याची आजची जगभरची वहिवाट याच गल्लीचे ऋण वागविते.

ड्रोमिली अव्हेन्यूवरून मी सेंट लुशिया रोडकडे वळलो, कारण टबीचा शिष्य लॉइड जेम्स ऊर्फ जॅमी याचा स्टुडिओ तेथे आहे. गुरूने मिश्रणातून वाद्ये वगळली. जॅमीने १९८५ साली गायक वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’साठी वाद्यवृंदच बाजूस सारला, आणि एका लहानशा कॅसिओ कीबोर्डमधील तयार तालावर अवघ्या जमैकाला नाचविले.