तबकडीवरचा आकडा

जुन्या वस्तूंच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एकास वस्तू हाती असली म्हणजे पुरते. दुसऱ्यास तिचे वय, गाव आणि कूळ कळल्यावाचून चैन पडत नाही. आम्ही या दुसऱ्या वर्गातले. देवघरातल्या समईच्या बुडाशी कासाराचे नाव कोरले आहे काय, हे आम्ही ऐन पूजेच्या वेळीही पाहतो आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणी खातो. या खोडीने आम्हांस एकदा चांगलेच पेचात टाकले. त्या गोष्टीस आता तीस वर्षे होत आली. पण त्या पेचातून जे हाती आले ते मोलाचे होते, म्हणून ती सांगावीशी वाटते.

१९९६ साली देवळाली प्रवरा येथील आमचा वडिलोपार्जित वाडा उतरवावयाचे ठरले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचा भरवसा वाढला, आणि आमच्या राहुरी तालुक्यात बाजरीच्या शेजारी ऊस उभा राहू लागला. आमच्या आजोबांच्या हाती चार पैसे आले ते त्यानंतरच. वाड्याच्या माळवदाखालील एका अंधाऱ्या खोलीत शिसवी पेटी निघाली. तीत एक फोनो होता. त्याचा कर्णा चेपलेला, चावी गंजलेली. खाली जुन्या धोतराच्या पानात गुंडाळलेल्या अकरा तबकड्या होत्या. त्यांपैकी एक आम्ही पूर्वी कधी पाहिली नव्हती, तरी तिची कीर्ती लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आमची आजी १९२४ साली विषमज्वराने वारली. त्या वेळी आमच्या आत्याबाई चार वर्षांच्या होत्या आणि आमचे वडील पाळण्यात होते. आजीची तसबीर नाही, पत्र नाही, हस्ताक्षर नाही. आत्याबाईंपाशी आईची म्हणून एकच आठवण होती, आणि दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी पाने उठल्यावर त्या ती सांगत: तिन्हीसांजेची वेळ, माजघरात अंथरुणावर आई, तिच्या कुशीत आपण, आणि ‘स्वयंवर’ नाटकातले बालगंधर्वांचे पद चाललेले. “आईच्या शेवटच्या दुखण्यात ती तबकडी लावीत असत,” असे म्हणून त्या डोळे टिपीत. तीच तबकडी आता आमच्या हाती होती. तेव्हा साहजिकच आमच्या मनात आले की, हे पद गायले गेले तरी कोठे व कधी, हे शोधून काढावे आणि ती तारीख आत्याबाईंना नजर करावी.

काम वाटले तितके सोपे नव्हते. पुस्तकावर सन छापलेला असतो, नाण्यावर असतो, वाड्याच्या गणेशपट्टीवरही असतो. तबकडीवर मात्र तो घालण्याची चाल नव्हती. जुना माल जुना म्हणून दाखविणे व्यापाऱ्यास परवडत नसावे. गायकाचे नाव, नाटकाचे नाव आणि कंपनीचे चित्र, एवढ्यावर ग्राहकाने समाधान मानावयाचे. पण मधल्या कागदी वर्तुळाच्या कडेला, काळ्या लाखेतच उमटलेला एक बारीक आकडा असतो. कागदावरचा क्रमांक विक्रीसाठी असतो. तोच गाणे पुन्हा बाजारात आणताना बदलतोही. हा लाखेतला आकडा मात्र मूळ मुद्रणाचा. तो ज्याला वाचता येईल त्याला तबकडीची जन्मपत्रिका वाचता येते.

ही विद्या आम्हांस अवगत नव्हती. परंतु ती जाणणारी मंडळी होती. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी एक संस्था काढली होती, आणि ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर या गृहस्थाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील हिंदी मुद्रणांची एक जाडजूड सूची १९९४ साली मुंबईतच प्रसिद्ध केली होती. आमच्या तबकडीचा काळ त्या सूचीत येत नव्हता, तरी ती चाळता चाळता केवढे जग उलगडले! १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हा कंपनीचा माणूस यंत्रे घेऊन कलकत्त्यास उतरला आणि गौहरजानसारख्या गायिकांना कर्ण्यासमोर गाववून त्याने मेणाच्या थाळ्यांवर त्यांचा आवाज धरला. त्या थाळ्या आगबोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जावयाच्या आणि तेथून तबकड्या होऊन परत यावयाच्या. तिकडच्या कारागिरांस गाणारे कोण हे कळावे म्हणून गायिका शेवटी आपले नाव पुकारी. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाला, तेव्हा कोठे हा प्रवास संपला. म्हणजे गाणे एका गावी गायलेले आणि तबकडी दुसऱ्याच देशी घडलेली, असा हा प्रकार. तीवरची लाख मात्र बहुधा आपल्याच रानांतून गेलेली असावयाची!

आता कोणी म्हणेल की, गाणे गोड असले म्हणजे झाले, सनावळीचा हा खटाटोप कशासाठी? यास आमचे उत्तर असे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास तबकड्या दिल्या आणि पुन्हा १९३७ साली कैलासवासी होण्यापूर्वीच्या काही वर्षांत दिल्या. मधे तीस वर्षांची तपश्चर्या आहे. साल ठाऊक नसेल तर ऐकणारा पंचविशी-तिशीच्या प्रयोगास उतारवयाची सिद्धी समजेल, किंवा सिद्धीस प्रयोग समजेल. स्वर कानांना कळतो. पण तो आयुष्याच्या कोणत्या वळणावरचा आहे, हे सन-तारखेवाचून कळत नाही.

मुंबईच्या एका जाणकार गृहस्थांकडे आम्ही तबकडी नेली. त्यांनी ती हलक्या हाताने पुसली, आकडा भिंगातून पाहिला, सुई ठेवली, आणि दोन आवर्तने होतात न होतात तोच म्हणाले, “ही विजेच्या रीतीची.” प्रथम आम्हांस त्यातले मर्म उमजले नाही. त्यांनी समजावून सांगितले: पूर्वी गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे, त्या हवेच्या धक्क्यानेच सुई मेणात कोरावयाची, विजेच्या साहाय्याने मुद्रण करण्याची रीत विलायत-अमेरिकेतच रूढ झाली ती १९२५ साली, आणि आपल्याकडे त्यानंतर. आम्ही मनातल्या मनात वजाबाकी केली. आजी त्यापूर्वीच गेली होती.

अशा वेळी माणूस पळवाट शोधतो; आम्हीही शोधली. ही नसेल तर याच पदाची दुसरी एखादी, आधीची तबकडी घरात असेल! म्हणून वाड्यातून निघालेली आजोबांची रोजकीर्द उघडली. आजोबा मोठे हिशेबी. दोन पैशांची काडेपेटी लिहिल्यावाचून ते राहत नसत. शके १८५२ च्या आश्विनात, म्हणजे १९३० साली, नगरच्या खरेदीत मोडी अक्षरात नोंद सापडली: फोनो एक, सुयांची डबी एक, तबकडी एक. त्यापूर्वीच्या वर्षांत फोनोचा, सुईचा वा तबकडीचा मागमूस नाही. आजीच्या उशाशी काही वाजले असेल तर तो फोनो नव्हता.

आता हे आत्याबाईंना सांगावयाचे की नाही? शहात्तर वर्षांच्या बाईपाशी आईची एकच आठवण, आणि तीही खोटी ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? दोन महिने आम्ही नगरला जाण्याचे टाळले. अखेर गेलो. त्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. “काय रे, लागला का तुझ्या तबकडीचा शोध?” असे त्यांनीच विचारले, आणि आमच्याने खोटे बोलवले नाही. सारे सांगितले.

त्यांचे हात थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मग मी ऐकलं ते काय?”

आम्ही निरुत्तर.

“ते मधेच थांबायचं,” त्या जणू स्वतःशीच बोलू लागल्या. “थांबायचं आणि पुन्हा तीच ओळ यायची. माझ्या पाठीवर हात असायचा, तोही थांबायचा. तबकडी अशी थांबते होय रे? आणि कर्णा कुठे ठेवलेला होता, ते काही केल्या मला आठवत नसे.” मग आमच्याकडे पाहून त्या अगदी हळू म्हणाल्या, “अरे, आईच म्हणत होती ते.”

आजीचे माहेर पुण्याचे. ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले १९१६ साली, आणि तिने ते माहेरी पाहिले होते, एवढे घरात ठाऊक होते. परंतु देवळालीच्या सासरी सुनेने नाटकातले पद म्हणणे ही त्या काळी बोलून दाखविण्याजोगी गोष्ट नव्हती. म्हणून ते कोणी बोलले नाही, आणि सहा वर्षांनी घरात आलेल्या तबकडीने लेकराच्या आठवणीतली मोकळी जागा बळकावली. आणि आजोबा? कधी कोणापाशी मन मोकळे न करणाऱ्या त्या गृहस्थाने आयुष्यातील पहिली तबकडी म्हणून नेमकी तीच का घेतली असेल, हे कीर्दीत लिहिलेले नाही. रक्कम तेवढी लिहिली आहे.

‘स्वयंवर’च्या पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. ते १९२२ साली गेले आणि त्यांचा आवाज तबकडीत राहिला नाही. त्यांचे स्वर राहिले ते बालगंधर्वांच्या गळ्यात, आणि तेथून किती घरांच्या माजघरांत गेले याची सूची कोणी करू शकणार नाही.

पुढे त्या मुंबईच्या गृहस्थांनी त्या पदाची एक फीत करून दिली. आत्याबाईंनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली. संपल्यावर म्हणाल्या, “फारच सुरेख. पण आईचा सूर याहून खाली होता.” त्यानंतर २००४ साली त्या निवर्तल्या, पण त्या दिवसापासून श्राद्धाची पाने उठल्यावर त्यांनी तबकडीची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. आईच्या गाण्याची सांगितली.