डोळ्यांची साक्ष

ईदचा चांद गच्चीवर चढून उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांतले आम्ही. 'दिसला' म्हणण्याआधी दोनदा विचार करायची सवय. २०२४ च्या फेब्रुवारीत मुलाकडे नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेलो, तिथे या सवयीने आम्हाला अडचणीत आणले.

गावच्या दिव्यांपासून लांब, बर्फात तासभर उभे होतो. डोंगरावर एक राखाडी पट्टा उमटला. आम्हाला वाटले, ढग. मुलाने मोबाइल पुढे केला; पडद्यावर तोच पट्टा हिरवागार! बेगम गप्प झाल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वर्षही झाले नव्हते. पुन्हा पुन्हा चष्मा पुसू लागल्या.

"अम्मी, डोळ्यांत काही बिघाड नाही," मुलगा म्हणाला. अंधारात आपल्याला मंद उजेड कळतो, पण रंग ओळखणाऱ्या पेशींना तो पुरत नाही. कॅमेरा मात्र काही सेकंद उजेड साठवत राहतो.

रंगांची गोष्ट त्याहून नवलाची. अवकाशातून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, अणू ती ऊर्जा प्रकाशरूपाने परत देतात. हिरवा प्रकाश साधारण पाऊण सेकंदात सुटतो, तो शंभर-दीडशे किलोमीटरवर. लाल रंगाला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. इतका वेळ अणूला धक्का न लागता राहायला हवे, म्हणून तो दोनशे किलोमीटरच्या वरच्या विरळ हवेत दिसतो. खाली गर्दी, तिथे टकरीतच ऊर्जा निघून जाते. (मुंबईच्या लोकलने आयुष्यभर प्रवास केलेल्यांना हे लगेच पटले.) खालच्या कडेची गुलाबी झालर नायट्रोजनची.

बगदादहून निघालेला इब्न फदलान ९२२ साली व्होल्गाकाठी पोचला. तिथल्या आकाशात त्याने आगीसारखा लाल ढग आणि त्यात लढणारी घोडदळे पाहिली. अभ्यासक त्याला ध्रुवीय प्रकाशच मानतात. तो आणि त्याचे साथी घाबरून दुआ करू लागले, गावकरी हसले. हे हसणेही त्याने लिहून ठेवले आहे. आम्हाला तो माणूस आवडतो.

मध्यरात्रीनंतर पट्टा एकदम उजळला, वळवळला. आता खरोखर हिरवा, डोळ्यांनाही! बेगमने आमचा हात घट्ट धरला. दोनेक मिनिटांत पुन्हा राख.

रत्नागिरीहून आपांचा फोन आला, "फोटोतल्यासारखाच होता का रे?"

बेगमनीच फोन घेतला. "नाही आपा. बराच वेळ राखाडी होता. मग थोडा वेळ हिरवा दिसला. मी पाहिला."