पहिलं वर्तमानपत्र आणि गावची बातमी

मंडळी, ६ जानेवारीला पत्रकार दिन झाला. शाल, श्रीफळ, बाळशास्त्रींच्या फोटोला हार, १८३२ चं ‘दर्पण’ आणि शेवटी चौथ्या स्तंभावर भाषण. भाषण करणारे तेच, ज्यांच्या जाहिरातीवर निम्मे अंक निघतात. असो.

मला अशा वेळी योहान कारोलुस आठवतो. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. जन्म १५७५ चा, पाद्र्याचा मुलगा, पेशाने बुकबाइंडर आणि पुस्तकविक्रेता. गाव स्ट्रासबुर्ग. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मन साम्राज्यातलं स्वतंत्र शहर होतं, कारभार नगर परिषदेच्या हातात. (आपली नगर परिषद डोळ्यांसमोर आणू नका, तिथल्या परिषदेला बरेच जास्त अधिकार होते.)

कारोलुसचा जोडधंदा बातम्यांचा. टपालाने येणारी बातमीपत्रं विकत घ्यायची, हाताने नकला काढायच्या आणि शहरातल्या पैसेवाल्यांना वर्षाच्या वर्गणीवर पुरवायच्या. नकला करण्यात वेळ फार जायचा. १६०४ मध्ये त्याने एक छापखाना विकत घेतला आणि १६०५ मध्ये तीच बातमीपत्रं खिळे जुळवून छापायला लागला. जगातलं पहिलं छापील वर्तमानपत्र म्हणतात ते हेच. ‘रेलात्सिओन’, म्हणजे वृत्तांत. दर आठवड्याला निघायचं.

गुटेनबर्गचं छपाईतंत्र येऊन तेव्हा दीडशे वर्षं झाली होती. मग वर्तमानपत्राला एवढा उशीर का? कारण यंत्र होतं, पण दर आठवड्याला ठरल्या दिवशी येणारं टपाल नव्हतं. टपालाचं वेळापत्रक बसलं आणि अंकाचंही बसलं.

हे सगळं कळतं कशावरून? त्याने परिषदेला केलेल्या अर्जावरून. बारा अंक छापून झालेत, खर्च बराच झालाय, तरी दुसऱ्या कुणी माझा अंक पुन्हा छापू नये असा हुकूम द्यावा, अशी विनंती. म्हणजे वर्तमानपत्राच्या जन्माचा पुरावा काय, तर कॉपी-पेस्टविरुद्धची तक्रार! सकाळी आपला अंक निघाला की दहा मिनिटांत त्याची पीडीएफ गावभर फिरवणाऱ्यांनी हे वाचावं. परिषदेने अर्ज फेटाळला. तरी गड्याने अंक बंद केला नाही.

१६०५ चे अंक आज शिल्लक नाहीत. १६०९ चे आहेत, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात. त्यांच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की परक्या गावांची नावं असतात, रात्री घाईत काम उरकावं लागतं, चुका राहिल्या तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. रात्री दोनला पान सोडणाऱ्या कुठल्याही उपसंपादकाला हा माणूस आपलाच वाटेल.

पण त्या अंकांत बातम्या कुठल्या? कोलोन, अँटवर्प, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग. राजे, लढाया, तह. गॅलिलिओच्या दुर्बिणीचीसुद्धा व्हेनिसहून आलेली बातमी आहे. नाही ते फक्त स्ट्रासबुर्ग. ज्या गावात छापखाना, त्या गावाची बातमी जवळपास नाहीच. अंकावर सेन्सॉरची नजर असायची आणि परवानगी देणारे, अर्ज ऐकणारे परिषदवालेच. त्यांच्या कारभारावर लिहिणार कोण? प्रागमधला बादशहा काही स्ट्रासबुर्गात येऊन जाब विचारणार नव्हता. दारासमोरचा परिषद सदस्य विचारणार होता.

मी कारोलुसला नावं ठेवत नाही. त्याला घर चालवायचं होतं, कामगारांचे पगार द्यायचे होते. १६३४ मध्ये तो वारला, पण अंक वारसांनी चालू ठेवला. एवढं टिकवणं सोपं नाही, हे छपाईचं बिल भरणाऱ्याला कळतं.

माझा राग आजच्यावर आहे. आज अर्ज करायला लागत नाही, सेन्सॉर नाही, तरी आपल्या तालुक्याच्या पानांवर अमेरिकेची निवडणूक सापडते आणि वॉर्डातली कोरडी टाकी सापडत नाही. युक्रेनवर लिहिलं तर शंभर लाइक. नळयोजनेवर लिहिलं तर रात्री फोन, “भाऊ, हे कशाला काढलं? आपलीच माणसं आहेत.” पुढच्या महिन्यात दिवाळी अंकासारखी मोठी जाहिरात असेल तर ती गेलीच समजा.

नळयोजनेच्या बातमीचा दुसरा भाग परवा इथेच टाकतोय. माहिती अधिकारात मिळालेली बिलं माझ्याकडे आहेत. ज्यांच्या गल्लीत पाइप टाकल्याचं कागदावर दिसतं आणि खोदकाम झालेलंच नाही, त्यांनी फोटो पाठवा. नाव छापणार नाही.