शेकडा वीस

आमचा भाचा हॉटेल-व्यवस्थापनाचा नवा पदवीधर. गेल्या वर्षी उमेदवारीसाठी अमेरिकेस जावयाचे म्हणून, व्हिसाच्या मुलाखतीपुरता आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडी उतरला. ताईने त्यापायी पाटल्या गहाण टाकल्या होत्या. रात्री आम्ही त्याचा डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा वाचावयास घेतला. हॉटेलातील उमेदवारी ६ महिने वा अधिक असेल, तर किमान ३ विभागांतून फिरवावे आणि कारकुनी काम शेकडा २० हून अधिक देऊ नये, असा तिथला नियम. आमच्या वाट्यास ते शेकडा १०० आले आहे!

“मामा, एवढे कोण वाचतो?” तो हसला.

पाचव्या महिन्यात त्याचा फोन आला: अजून चादरीच बदलतो आहे. “तो कागद काढ,” आम्ही म्हणालो. त्याने तो नम्रपणे साहेबापुढे ठेवला. पुढल्या आठवड्यात तो स्वागतकक्षात उभा होता.

परवा तो परतला. चालण्याबोलण्यात धिटाई आली आहे. नोकरी त्यास मिळेल. आमच्या बढतीचा कागद मात्र तीन वर्षे पडून आहे. नियम आम्हांस तोंडपाठ आहेत. साहेबांपुढे जावयाची उमेदवारी अद्याप व्हावयाची आहे.