फोटोत नसलेली माणसं

२०२०च्या उन्हाळ्यात मुंबईत दारात पेपर पडायचा थांबला, तेव्हा मी ई-पेपर वाचायचे. पहिल्या पानावर बाधितांचे आणि बळींचे आकडे, आणि आत कुठेतरी, जाहिरातीच्या डोक्यावर, परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरचा फूटपाथ. त्यातला एक फोटो दोन बोटांनी मोठा करत राहिले: पुलाखाली अंथरलेली ताडपत्री, तिच्यावर कुशीला वळून निजलेली बाई, उशाला रिपोर्टांनी फुगलेली फाइल, शेजारी स्टीलचा डबा, आणि पायाशी उकिडवा बसलेला नवरा, कॅमेऱ्याकडे पाठ करून. खाली ओळ होती, लॉकडाऊनमुळे कर्करुग्णांचे हाल. खोटं नव्हतंच ते. पण तारखेची वाट बघत माणसं त्या फूटपाथवर एरवीही निजतात, आपण बसमधून पुढे जातो, आणि गर्दी त्यांना झाकून ठेवते. गर्दी ओसरली.

म्हणून ती दिसली.

मास्क तर त्यांच्या तोंडावर आधीपासूनच होता. मावशीच्या केमोच्या दिवसांत आम्ही द्राक्षं मिठाच्या पाण्यात घोळवून घोळवून धुवायचो, चपला जिन्यातच सोडायचो, कुणी खोकलं की सगळ्या घराचा श्वास अडकायचा. आता आख्खं शहर मावशीच्या शिस्तीत जगू लागलं होतं आणि पेपरांना ते सगळं नवं वाटत होतं. २९ एप्रिलला इरफान खान गेला, ३० तारखेला ऋषी कपूर. दोघांनाही कर्करोगच. मथळ्यांमध्ये झुंज आली, योद्धे आले. मावशी असलं काही वाचलं की वैतागायची. म्हणायची, “लढतेय कसली गं, नुसती मळमळतेय मला.”

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच बाई, जिचा फोटो कुणी काढलाच नाही. आंघोळ करताना तिच्या बोटांना गाठ लागली असेल, वाटाण्याएवढी, न दुखणारी. आणि एसटी बंद, तालुक्याचा दवाखाना कोरोनाने भरलेला, शिवाय न दुखणाऱ्या गोष्टीचं काय एवढं, म्हणून तिने पदर सारखा करून चूल पेटवली असेल. पुढे ‘लान्सेट ऑन्कॉलॉजी’त आलं, की मार्च ते मे २०२० या काळात देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. रोग थोडाच घटला होता! माणसं घरी होती, गाठीसकट. कॅमेरा त्यांच्या माजघरात कसा पोचणार? ताडपत्रीवरची बाई निदान परळपर्यंत आली होती.

मग गाड्या सुरू झाल्या. तीही आली असेल, असं मी धरून चालते. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं असेल, “केव्हापासून आहे?” आणि नवऱ्याकडे एकदा बघून, बोटांवर महिने मोजत, तिने त्यातले दोन कमी करून सांगितले असतील.