मामांनी बोट पाहिली

धुळ्याहून किंवा जळगावहून समुद्र किती लांब आहे, हे एकदा नकाशावर पट्टी ठेवून बघा. आमच्या खानदेशात कापूस आहे, केळी आहेत, तापी आहे, मे महिन्यात डोकं भाजून काढणारं ऊन आहे. नाही तो फक्त समुद्र. तेव्हा माझे मामा बोट विकत घ्यायला निघाले, तीही शिडाची, तीही जुनी आणि तीही राहायला, म्हटल्यावर आमच्या घरात काय झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

ही गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा नववीत जाणार होते. मामा भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि त्याच मार्चमध्ये निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे हातात आले होते आणि रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं. अशा वेळी माणसं काय करतात? प्लॉट घेतात. मामांच्या बरोबरच्या सगळ्यांनी घेतले होते. मामांनी मात्र वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात कापून खिशात ठेवली होती. मुंबईजवळच्या एका खाडीवर तीस फुटी सागवानी शिडाची बोट विकायची होती. आत चार जणांची झोपायची सोय, स्वयंपाकाची जागा, छोटं इंजिन.

धुळ्याची माझी आजी, म्हणजे मामांची आई, हे ऐकून अहिराणीत एवढंच म्हणाली, "आठे काय कमी शे?" इथं काय कमी आहे! आणि दिवसभर बोललीच नाही.

मामांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं ते 'तृष्णा'मुळे. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना कदाचित आठवेल. १९८५ मध्ये आपल्या सैन्यातले इंजिनियर अधिकारी 'तृष्णा' नावाच्या शिडाच्या बोटीतून मुंबईहून निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून जानेवारी १९८७ मध्ये मुंबईला परत आले. शिडाच्या बोटीतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पण मामांना आवडली होती ती वेगळीच गोष्ट. ही 'तृष्णा' नवी कोरी नव्हतीच! इंग्लंडमध्ये दुसऱ्यांनी वापरलेली, अवघी सदतीस फुटांची बोट विकत घेतलेली होती. "बघ," मामा मला म्हणायचे, "जुन्या बोटीतून माणसं पृथ्वी फिरून आली. आपल्याला तर नुसतं राहायचंय."

मी मे महिन्याच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे भुसावळला गेले, तर मामींनी स्वयंपाकघरात मला एक वही दिली. म्हणाली, "त्यांच्याबरोबर तू जा. त्यांना एकदा बोट दिसली की दुसरं काही सुचायचं नाही. हे चार प्रश्न लिहून घे आणि उत्तरं आण." गोडं पाणी किती दिवस पुरतं? संडास कुठे आहे आणि कसा आहे? पावसाळ्यात राहायचं कुठे? आणि उद्या विकायची वेळ आली तर घेणार कोण?

पुढे मी बोटींवरची बरीच पुस्तकं वाचली. जाणकारांच्या लांबच लांब याद्या वाचल्या. पण राहण्यासाठी बोट घेणाऱ्याला मामींच्या या चार प्रश्नांएवढे उपयोगी प्रश्न मला तरी सापडले नाहीत.

मी माझाही एक प्रश्न विचारला. बोट मुंबईहून समुद्रातून सुरतेला आणायची आणि तिथून तापीतून वर भुसावळला का नाही न्यायची? भूगोलात शिकवलंच होतं की, तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. मामा खो खो हसले. "अगं, मध्ये उकाईचं धरण आहे ना! ते काय उडी मारून चढायचं? आणि शिडाच्या बोटीचा कणा पाण्याखाली चार-पाच फूट असतो. मे महिन्यात तापीत गुडघाभर पाणी नसतं." तेव्हा तो विचार मी सोडून दिला.

रेल्वेच्या पासावर रात्रीच्या गाडीनं आम्ही निघालो. मामांच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी, टॉर्च आणि मूठभर कापूस होता. कापूस कशाला ते सांगतेच.

बोट खाडीच्या काठावर चिखलात लाकडी टेकू लावून उभी केलेली होती. खरं सांगू? मला ती पाहताक्षणी आवडली. पांढराशुभ्र रंग, खाली निळी रेघ. शिडी लावून वर चढलो आणि आत उतरलो तर रेल्वेच्या डब्यासारखी बाकं, त्यांच्याखाली सामानाचे कप्पे, भिंतीला दुमडायचं टेबल. पुढच्या टोकाला एक तिकोनी बिछाना होता, वर झाकण उघडलं की थेट आकाश. मामा म्हणाले, "ही तुझी जागा. दर सुट्टीत." झालं! माझ्यापुरती बोट विकत घेऊन झाली.

मालक वयस्कर होते, बोलायला गोड. "सागवान आहे साहेब, मुंबईचं काम आहे," असं सारखं म्हणत होते. सागवान ही काही साधी गोष्ट नव्हे, हे त्यांचं खरंच होतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं १९६० च्या दशकात आपली 'सुहेली' मुंबईतच सागवानात बांधून घेतली होती, अवघी बत्तीस फुटांची. पुढे एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली, त्याच्या आधीपासूनच त्याला अशा प्रदक्षिणेसाठी नवी मोठी बोट हवी होती, पण पैसे काही जमेनात. मग तो आपल्या जुन्या 'सुहेली'तूनच १४ जून १९६८ रोजी निघाला. वाटेत फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायला लागलं. त्यानं भर समुद्रात बुड्या मारून फटीत कापूस भरला, वर तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच शार्क घिरट्या घालायला लागला, त्याला बंदुकीनं मारावं लागलं. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तो घरी पोचला. नऊ जण निघाले होते, शर्यत पुरी केली ती या एकट्यानं. आणि अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी तशाच शर्यतीत दुसरे आले, तेही दुसऱ्यानं वापरलेल्या छत्तीस फुटी बोटीतून. म्हणजे जुनी बोट वाईटच असते, असं काही नाही. ती आतून कशी आहे, ते बघता आलं पाहिजे.

मामांनी बघायला सुरुवात केली. आधी कापूस. डोलकाठी उभी धरून ठेवणाऱ्या तारेच्या दोरांवरून त्यांनी कापसाचा बोळा हलकेच फिरवत नेला. तारेतला एखादा धागा तुटलेला असला तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण कापूस तिथे अडकतो. हात फिरवला असता तर रक्त आलं असतं. दोन ठिकाणी कापूस अडकला. मी वहीत लिहिलं. मग शीड उलगडलं. उन्हानं शिडाचा कपडा मरतो, दिसायला धडका असला तरी. शिवणीतला दोरा मामांनी नखानं ओढला, तो तट्कन तुटला. इंजिनातली तेलाची कांडी काढून पाहिली. तेल काळं होतं, म्हणजे बरं होतं. चहासारखं पांढरट असतं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. मग खाली उतरून हातोडीनं फळ्या वाजवल्या. तुमची आई माठ घेताना टिचकी मारून बघते ना, तसंच हे. घट्ट लाकूड ठण्ण बोलतं, आतून पोखरलेलं भद् भद् करतं. मामांची सगळी नोकरी लोखंड ठोकून त्याचा आवाज ऐकण्यात गेली होती, त्यामुळे कान तयार होता.

समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. किडा म्हणतात खरा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत फळीची चाळण झालेली असते. गोड्या पाण्यात मात्र तो फार दिवस जगत नाही. (तापीचा उपयोग झाला असता तो इथे!) या बोटीच्या फळ्या मात्र ठणठणीत वाजल्या. मामांचा चेहरा असा फुलला, की ते माप घ्यायचं विसरून डोलकाठीकडेच बघत राहिले.

मी आत माझ्या तिकोनी बिछान्यावर बसले होते. पायाखालची एक फळी हलत होती, म्हणून उचलली. खाली बोटीच्या बरगड्या दिसल्या, फळ्या ज्यांना ठोकलेल्या असतात त्या. सगळं नुकतंच रंगवलेलं, रंगाचा वास येत होता. मामांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला होता. मी उगाच, अगदी उगाच, एका बरगडीला टोचला.

भरताच्या भाजलेल्या वांग्यात बोट जावं तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

मी तो काढला. भोकाच्या कडेनं काळं पाणी आलं. मी बोटानं रंगाची साल परत चिकटवली आणि फळी होती तशी ठेवली.

मुलांनो, हे सांगायला मला आजही जड जातं. मला कळलं होतं. वहीत लिहायची ती गोष्ट हीच, हे पक्कं कळलं होतं. पण वर मामा हसत होते, आणि झाकणातून आकाश दिसत होतं, आणि मी मनाशी म्हटलं, आपल्याला काय कळतं बोटीतलं? मोठी माणसं बघतीलच की.

मी बाहेर आले. तिथल्या सुताराला मामींचे प्रश्न विचारले. टाकीत पाणी दोनशे लिटर. ते ठीक, आम्हां खानदेशी माणसांना कमी पाण्यात राहायला कुणी शिकवायला नको. संडास हातपंपाचा, आणि पंप बिघडलेला. पावसाळ्यात? सुतार म्हणाला, "जूनच्या आधी बोट वर काढायची, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडायची. मधल्या दिवसांत काठावर ताडपत्रीखाली." म्हणजे तीन महिने चिखलात, टेकूंवरच्या घरात, शिडीनं चढउतार करत! चौथ्या प्रश्नाचं उत्तर मालकांनी न विचारताच दिलं. "दोन वर्षं जाहिरात देतोय साहेब, पण पारखी माणूस भेटला नव्हता."

मामांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं होतं. इसाराचे पाच हजार होते त्यात. ते नोटा मोजायला लागले. बोट थुंकीला लावून, एकेक नोट, शेडमधल्या पगाराच्या दिवसासारखी. सव्वीस, सत्तावीस.

"मामा," मी म्हटलं, "खालची लाकडं मऊ आहेत."

त्यांनी नोटा तशाच हातात धरल्या. मग टॉर्च घेऊन आत गेले. मी फळी उचलून दाखवली. त्यांनी शेजारच्या बरगड्यांनाही टोचून पाहिलं. तीन घट्ट निघाल्या, दोन गेलेल्या. वरून पावसाचं गोडं पाणी झिरपून तळात साचत होतं, त्यानं लाकूड आतून कुजलं होतं. वर लांबी भरून रंग मारला होता. सुतार म्हणाला, होईल दुरुस्त, पण बाहेरच्या फळ्या उघडाव्या लागतील, आणि उघडल्यावर आणखी किती निघतील ते आत्ता सांगता यायचं नाही. त्यानं खर्चाचा अंदाज सांगितला, तो बोटीच्या किमतीएवढा होता. मालक किंमत उतरवायला तयार नव्हते. त्यांनाही ते कुजणं ठाऊक होतं की नव्हतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. रंग त्यांनीच लावला होता का, हे मामांनी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले होते. दादर गेलं, ठाणं गेलं.

"तुला केव्हा दिसलं?" त्यांनी विचारलं.

"मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"तुम्ही डोलकाठी बघत होता तेव्हा."

कल्याण आलं तरी ते काही बोलले नाहीत. कसाऱ्याला घाट चढायला मागून इंजिनं लागली, डब्याला धक्का बसला, तेव्हा म्हणाले, "घाबरलीस होय?" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून मामींच्या दशम्या काढल्या आणि मोठा वाटा माझ्यापुढे ठेवला.

घरी मामींनी वही वाचली. सगळी उत्तरं दोनदा वाचली. मला वाटलं, सुटलो म्हणून आनंदेल. पण तिनं विचारलं, "आणि चूल कशी होती?" मी सांगितलं, चूल झोपाळ्यासारखी टांगलेली असते, बोट कितीही कलली तरी ती सरळच राहते. "म्हणजे दूध सांडत नाही?" असं म्हणून ती बराच वेळ विचार करत राहिली.

त्याच वर्षी मामांनी जळगावला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी आणखी तीन बोटी पाहिल्या, दोन कोकणात आणि एक गोव्यात. एकही घेतली नाही. पहिल्या खेपेनंतर मामी दर वेळी बरोबर जायची.

आता दोघंही नाहीत. वही माझ्याकडे आहे. माझ्या चार प्रश्नांखाली, मामींच्या तिरप्या अक्षरात, निळ्या शाईनं पाचवा लिहिलेला आहे: 'चुलीला कठडा आहे का? हलवून बघणे.'